कुंचीतलं लोखंड

सातारा परिसर, संभाजीनगर
मे २०२४

प्रिय योगिनी,

मधूनच सुरू करतो. कुठलंही पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान उघडतेस, हे मला माहीत आहे. म्हणून डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी शेवटी ठेवलेलं नाही. सुरुवातीलाही नाही. मधे कुठंतरी आहे, म्हणजे तुला सगळं वाचत यावं लागेल. चिड हवं तर. फोनवर तू म्हणालीस, "एमआरआय झाला की एका शब्दात सांग. चांगलं का वाईट. बाकी काही सांगू नको." एका शब्दात मावलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं. पण त्यानंतर तुझा फोन तू बंद करून ठेवलायस आणि तुझ्या वडलांचा मोबाइल त्यांच्या बंडीच्या खिशात, कायम स्पीकरवर. मी हॅलो म्हणायच्या आधी अख्खी वस्ती विचारते, "कोन हाय? जावई हाय व्हय?" तेव्हा कागदच बरा. रामेश्वर उद्या पैठणकडून येतोय, मेंढ्यांच्या जंताचं औषध घेऊन पुढं वेरूळला तुमच्याकडं जाणार आहे. त्याच्या हाती देतो. तो तुझा भाऊ, उघडून वाचणार नाही. मी त्याला सांगणार आहे की आत कविता आहे.

पोरगं बरं आहे. म्हणजे दूध पितं, झोपतं, शी करतं, आणि माझी आई आणि तुझी आई ह्या तिन्ही गोष्टींवरून रोज भांडतात. गाल आलेत त्याला. तू गेलीस तेव्हा त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा होता ना, सुरकुतलेला, जगाला कंटाळलेला? तो म्हातारा आता जरा तरुण झालाय. रिटायरमेंटला आलेल्या हेडक्लार्कसारखा दिसतो. नाव अजून नाही. दवाखान्याच्या कागदांवर 'बेबी ऑफ योगिनी' एवढंच. माझी आई त्याला 'राजे' म्हणते, तुझी आई 'कोकरू' म्हणते, मी 'शेठ' म्हणतो. तिन्हींकडं तो सारखंच दुर्लक्ष करतो.

पाण्याची बोंब आहे. आपल्या भागात नळ नावालाच, टँकरवर सगळं चाललंय, आणि टँकरवाला फोन उचलत नाही. आई बाटल्या उकळायला पातेलंभर पाणी चढवते, आणि तुझी आई दारात उभी राहून बघते. "इहीनबाई, लेकराला दूध पाजायचंय का बाटलीला आंघोळ घालायचीय?" आई म्हणते, "बानाबाई, जंतू मरायला हवेत." "मरत्याल की. पर त्याच्या आधी टाकीतलं पानी मरंल." शेवटी बाटल्या गेल्या. आईनं कपाटातून माझं जुनं चांदीचं बोंडलं काढलं, तुझी आई त्यानं पाजते, थेंब थेंब, तासभर. ह्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर आणखी एक बिल्डिंग उठतेय. परवा तिथं बोअर घेतला, दिवसभर पांढरी धूळ उडाली, ओल काही निघाली नाही. तरी बोर्ड लागला, टू बीएचके, बुकिंग चालू. तुझ्या आईनं गॅलरीतून तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "इथं ऱ्हानारी मानसं काय हवा पित्यात?" आता गॅलरीतून डोंगर दिसत नाही. तू आलीस की तुला ते आधी खटकेल. 'आलीस की' असं लिहिलंय मी. असू दे.

तू गेलीस त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग पत्र अर्धंच होईल. घरी आणल्यानंतरच्या त्या दुपारी तो तुझ्या मांडीवर दूध पिता पिता थांबला आणि निळा पडला. आई धावली, त्याच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, त्यानं श्वास घेतला, रडला, गुलाबी झाला. सगळं एवढ्या पटकन झालं की मी आतून येईपर्यंत संपलं होतं. तू मात्र तशीच बसून होतीस, मांडी तशीच पसरलेली, जणू तो अजून तिथंच आहे. त्यानंतर तू त्याला हात लावला नाहीस. तो दिवसांआधी आला म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, तेव्हा तिच्या भोकातून बोट घालून तासन् तास उभी राहणारी तू! डॉक्टर म्हणाल्या, आईलाही बरं व्हायला वेळ लागतो, तो द्या. मग तू माहेरी गेलीस आणि तुझी आई इकडं आली. उलटीच वरात. मला वाटलं, तू घाबरलीस. एवढंच वाटलं. त्या भीतीच्या मागं काय आहे ते मला एमआरआयच्या दिवशी कळलं. त्याकडं येतो.

आधी एमआरआय कशासाठी, ते. तू तेव्हा अर्धं ऐकत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. मनस्विनी मॅडम, म्हणजे पेटीत असल्यापासून त्याला बघणाऱ्या आपल्या डॉक्टर, त्यांनी टाळूवरून सोनोग्राफी केली होती. टाळू भरलेली नसते म्हणून तिथून मेंदूत डोकावता येतं, पण धुरकट काचेतून बघितल्यासारखं. त्यात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या जरा मोठ्या वाटल्या आणि बाजूला काहीतरी रवाळ. काय ते नक्की कळेना. मॅडम म्हणाल्या, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोटात मेंदूचं मोठं काम चालतं. घड्या पडतात, तारा जोडल्या जातात. ह्यानं ते काम बाहेर येऊन केलं, लाइटच्या उजेडात, मशीनच्या टिंवटिंवीत. ते कसं झालंय ते बघायचं तर ज्या सुमारास तो खरा जन्मायचा होता, त्या सुमारास फोटो काढायचा. आणि भूल द्यायची नाही. बाळाला आधी जागं ठेवायचं, भुकेलं ठेवायचं, मग पोटभर पाजायचं, घट्ट गुंडाळायचं आणि आपसूक झोपू द्यायचं. एवढं अवाढव्य मशीन, आणि सगळी भिस्त कशावर, तर शेठला झोप लागते का ह्यावर. मी त्यांना आमच्या वाळूजच्या कंपनीतलं सांगितलं. आमच्या लाइनीवर कास्टिंग स्कॅनरखालून जातं, हिरवा दिवा लागला की पुढं, लाल लागला की बाजूला. "तसं पास-फेल कळेल ना ह्यात?" मी विचारलं. त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "शंतनू, तुमच्या पार्टला नंतर वाढायचं नसतं."

तर तो दिवस. सकाळपासून त्याला जागं ठेवायचं काम दोन आज्यांकडं. माझी आई ओल्या बोटानं त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करतेय, तुझी आई त्याच्या कानाशी म्हणतेय, "उठ रं कोकरा, लांडगा आला, लांडगा आला." रिक्षात, जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये, तो असा रडला की रिक्षावाला म्हणाला, "भय्या, बच्चे को दूध तो पिलाओ, क्या जालीम लोग हैं." आई त्याला मेडिकल कारण समजावत बसली. सिग्नल सुटला तरी समजावतच होती.

सेंटरमध्ये मशीन चालवणारा बद्रीनाथ म्हणून एक मिशावाला माणूस आहे, मोठा बोलका. त्यानं सगळं विचारलं. "आजी, बाळाच्या अंगावर सोनं, चांदी, पिन, तावीज, घुंगरू, काय असंल ते काढा. आत लोहचुंबक हाय, हत्तीएवढं. काय बी ठेवत नाय." तुझ्या आईनं करदोटा सोडला, मनगट्या काढल्या, पायातला काळा दोरा तोडला, सगळं त्याच्या ट्रेमध्ये टाकलं. "घ्या. समदं काढलं. आता काय कातडी काढू व्हय?" बद्रीनाथ म्हणाला, "कातडी ऱ्हाऊ द्या आजी, ती चालती." मग तिनं पदराआड बसून बोंडल्यानं पाजलं, तिनंच शिवलेली मऊ सुती कुंची त्याला घातली, वरून दुपट्यात असा गुंडाळला की फक्त नाक दिसत होतं. त्याला झोप लागली. आम्हा मोठ्यांवरून बद्रीनाथनं ती पीं-पीं करणारी पट्टी फिरवली. शेठवरून फिरवली नाही, आवाजानं उठेल म्हणून. कानांवर मऊ झाकणं बसवली. मी त्याला दोन्ही हातांवर घेतला आणि आत शिरलो.

योगिनी, तुला हे नीट सांगता यायला हवं. मशीन अजून लांब होतं. कुंचीचं मागं लोंबणारं टोक दुपट्याबाहेर आलं होतं, ते हललं. मला वाटलं एसीचा वारा. मग ते टोक उचललं गेलं. ताठ झालं आणि मशीनकडं बोट दाखवल्यासारखं तसंच राहिलं. खाली पडेना. पतंग ढील मागतो तशी ओढ मला मनगटात जाणवली, आणि त्या ओढीच्या ह्या टोकाला त्याचं डोकं होतं. मी काय बघतोय हे मला कळेपर्यंत बद्रीनाथ ओरडला, "मागं! मागं या सायेब! वळू नका, तसंच मागं!" मी उलटा चालत बाहेर आलो. शेठ जागा झाला आणि त्यानं जे भोकाड पसरलं, त्यात आमच्या सगळ्यांचं रडणं भागलं.

बाहेर बद्रीनाथनं कुंची चाचपली. काठाच्या शिवणीत काहीतरी कडक. तुझ्या आईनं दातानं दोरा तोडून ते काढलं. मेंढ्या कातरायच्या कात्रीचं मोडलेलं टोक, नखाएवढं. "आजी, किती वेळा इचारलं तुमाला!" बद्रीनाथ खेकसला. "आनखी थोडं पुढं गेलं आसतं तं कापड फाडून गोळीवानी सुटलं आसतं. लेकराच्या कानापासून!" ती म्हणाली, "तू दागिने इचारले. ह्ये काय दागिना हाय व्हय? ह्ये राखनीचं हाय." त्यानं कपाळाला हात लावला. माझ्या आईनं पर्समधून पाण्याची बाटली काढून तुझ्या आईपुढं धरली, आणि तुझ्या आईनं ती घेतली नाही. ते लोखंड तिनं पदराच्या गाठीत बांधलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

पुढचा नंबर संध्याकाळी मिळणार होता. आई घरी गेली, धुतलेलं दुसरं कापड आणायला. आम्ही दोघं जिन्याखालच्या बाकावर, शेठ माझ्या छातीशी बांधलेला. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. काही विचारायचं म्हणून विचारलं, "मामी, हे कशाला घातलं होतं?" तिनं माझ्याकडं न बघता सांगायला सुरुवात केली. बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात, हे मला माहीत होतं, आमच्याकडंही विळी ठेवायचे. पण ती म्हणाली, "कडुबाच्या वक्ताला ऱ्हायलं."

कडुबा कोण, हे मला माहीत नव्हतं. आपल्या लग्नाला चार वर्षं झाली आणि मी तुझ्या आईला विचारलं, "कडुबा कोण?" तिनं तेव्हा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "नाय सांगितलं व्हय योगीनं?"

तू त्या वर्षी सहाएक वर्षांची असशील, असं तिच्या हिशेबानं. असंच कोरडं साल. मेंढरं घेऊन तुम्ही गंगथडीला, गोदावरीकाठी, चालला होतात आणि वाटेत, कुणाच्या तरी वेचून उलंगलेल्या कपाशीच्या रानात, तो दिवस भरायच्या आधीच झाला. कात्री, विळा, कुऱ्हाड, सगळं सामान घोड्यावर लादून पुढं गेलेलं. त्या रात्री त्याच्या उशाला लोखंड नव्हतं. तुझी आई म्हणाली, "मूठभर व्हता. लोक म्हनले जगत नाय. जगला. कडू नाव ठेवलं की नजर लागत नाय, म्हनून कडुबा." पण मान धरेना, पाय ताठ, एकमेकांवर चढलेले, ते सोडवायला दोन माणसं लागायची. ती मेंढरामागं जायची तेव्हा तो तुझ्या कडेवर. शाळेच्या खिडकीबाहेर तू त्याला घेऊन उभी राहायचीस, गुरुजी म्हणाले आत ये, तर तू त्यालाही आत घेऊन बसलीस. मेंढीच्या गळ्यातली घंटी वाजली की तो हसायचा, आणि ते हसणं बघायला तू कोकराला पळवत आणायचीस. तू दहावीला होतीस त्या उन्हाळ्यात तापानं गेला. तुझ्याच मांडीवर. हे सगळं ती सपाट आवाजात सांगत होती, मधेमधे शेठच्या पायावरची माशी उडवत.

मला तू सांगितलं होतंस, "आम्ही दोघंच, मी आणि रामेश्वर." मला राग आला नाही. म्हणजे थोडा आला, मग गेला. काही माणसं एखादी गोष्ट सांगत नाहीत, कारण सांगितली की ती गोष्ट होते, मग तिला सुरुवात लागते, शेवट लागतो. एवढं मला कळतं. पण त्या दुपारचं कोडं तिथं बाकावर सुटलं. तू निळ्या पडलेल्या बाळाकडं बघत नव्हतीस. तू पुढची सगळी वर्षं बघत होतीस.

तुझ्या आईनं मला विचारलं, "जावईबापू, कडुबाचा आसा फोटू काढला आसता, तं त्यात लोखंड नव्हतं त्ये दिसलं आसतं का?" मी म्हणालो, "मामी, लोखंडाचा काही संबंध नव्हता. तो लवकर आला, एवढंच. त्यात तुमचं काही चुकलं नाही." ती म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमाला तसं वाटतंय." मग बाहेर टँकर येऊन थांबला, पाइप टाकीत सोडला, टाकी भरत आली, तेवढा वेळ ती ते पाणी बघत होती. आणि मग म्हणाली, "पर तसं आसंल तं बरं हाय." वीसेक वर्षं ती हे उशाशी घेऊन झोपतेय, योगिनी. तुला माहीत होतं का? मला वाटतं तुम्ही दोघी ह्यावर कधी बोललाच नाहीत.

संध्याकाळी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनंच बद्रीनाथला हाक मारली. "ये बाबा. आदी मला तपास, मंग लेकराला तपास, कापड झटकून बघ." जोडवीसुद्धा काढून ठेवली, आत जायचं नव्हतं तरी. बद्रीनाथ वरमला. "आजी, सकाळी मी लई बोललो." "बोललास ते बेस केलं," ती म्हणाली. आईच्या जुन्या धुवट साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, ह्या वेळी त्याच्यावरूनही पट्टी फिरली, पीं झालं नाही. मशीन सुरू झालं आणि रस्ता फोडायचा ब्रेकर वाजावा तसा आवाज. मी आतच होतो, कानात बोळे, गुंडाळलेल्या कापडावरून त्याचा पाय धरून. शेठनं एकदा भुवया वर केल्या. मग झोपला. सगळा वेळ झोपला.

आता ते. काल मॅडमनी फोटो दाखवले. राखाडी, काळे, पांढरे काप, फुलकोबीचा गड्डा मधोमध कापल्यासारखे. घड्या वयाप्रमाणे पडल्यात. पोकळ्या थोड्या मोठ्या आहेत, पण वाढत नाहीयेत, डोक्याला नळी वगैरे काही लागणार नाही. डाव्या बाजूला पांढऱ्या भागात बारीक ठिपके आहेत, मीठ सांडल्यासारखे. तिथं इजा झालेली आहे. आणि मेंदूकडून हातापायाला हुकूम नेणारी एक वाट असते, दोन्हीकडं एकेक. ह्या वयात ती फोटोत रेघेसारखी उमटायला लागते. उजवीकडची ठळक आहे. डावीकडची आहे, पण पुसट. मेंदूची डावी बाजू म्हणजे अंगाची उजवी. म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय त्याला जड जाऊ शकतात. "चालेल का?" मी विचारलं. "बहुतेक चालेल. उशिरा चालेल, थोडा वेगळा चालेल. हात किती साथ देईल ते आत्ता सांगता येत नाही. बोलणं, समजणं, शाळा, हे ह्या फोटोत दिसत नाही, आणि जे मला दिसत नाही ते मी सांगणार नाही." मी त्यांना कडुबाचं सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, पण मला विचारायचंच होतं, तसं होईल का. त्यांनी फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले, सावकाश, आणि म्हणाल्या, "तसं मला वाटत नाही. पण लिहून मागू नका." येत्या गुरुवारपासून फिजिओथेरपी सुरू करायची. आठवड्यातनं दोनदा तिथं, आणि घरी रोज, दुपटं बदलताना, पाजताना, अंघोळीला, उजव्या हाताला आठवण करून देत राहायचं. पहिली दोन वर्षं मेंदू नव्या वाटा शोधत असतो, तेवढ्यात जे होईल ते होईल, असं त्या म्हणाल्या. मी रात्रपाळी मागून घेतलीय, म्हणजे दिवसा मोकळा. चांगलं का वाईट, ते आता तूच ठरव. मला जमलं नाही.

आणि आता हे पत्र आजच का लिहितोय ते. काल घरी आल्यावर दोघी आज्या स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या, आणि बराच वेळ आतून भांडण ऐकू आलं नाही, तेव्हाच मला शंका आली. बाहेर येऊन आई म्हणाली, ठरलंय. रविवारी तुझी आई तुझ्या वडलांच्या मोबाइलवर फोन करणार आणि सांगणार, "समदं चांगलं हाय, डाक्टरीनबाई म्हनली कायसुदिक नाय, आता ये." आईचं म्हणणं, एकदा आली, मांडीवर घेतलं, की हळूहळू सांगू, आईच आहे ती. तुझी आई म्हणाली, "तिला खरं कळलं तं ती येत नाय, जावईबापू. म्या वळखते तिला." मला गप्प राहायला सांगितलंय आणि मी मान हलवलीय. त्यांच्यावर चिडू नकोस. दोघींना तू हवी आहेस, आणि तुझ्या आईला तर वाटतं, ह्यावेळी तरी राखण नीट व्हावी. मलाही तू हवी आहेस. फोनवर ते ऐकून तू सोमवारी पहिल्या गाडीनं येशील, हेही मला माहीत आहे, आणि रात्रभर मी तेच डोळ्यापुढं आणत होतो, तू बॅग घेऊन रिक्षातून उतरतेयस. पण मग दोन महिन्यांनी त्याची डावी मूठ उघडेल आणि उजवी उघडणार नाही. तुला ते आमच्या सगळ्यांच्या आधी दिसेल, कारण तू असं लेकरू वाढवलेलं आहेस. आणि तेव्हा तुला कळेल की आम्हाला माहीत होतं. त्यानंतर तू गेलीस तर मला तुला बोलवायला तोंड राहणार नाही. म्हणून रविवारच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं. येणार असशील तर हे माहीत असून ये. दहावीपर्यंत तू एकटीनं जे उचललंस ते पुन्हा एकटीनं उचलायला बोलवत नाहीये मी. आणि नाही आलीस, तरी तुला खरं कळलं होतं हे तुझ्या आईला मी सांगणार नाही. गुरुवारी मी त्याला घेऊन जातोय. बंद मूठ न ओढता कशी उघडायची, ते तिथं शिकवतात म्हणे. मला ते शिकायचंय.

तुझाच, इथंच असलेला,
शंतनू